संगणकाला माळा घालताना
(द्वितीय वर्ष, कला)

'जागा पुरत नाही' ही तक्रार आमच्या घराला नवी नाही. दोन खणांचे घर आणि त्यात आम्ही सहा माणसे. घर वाढवण्याची ऐपत नव्हती, म्हणून आण्णांनी एका उन्हाळ्यात बांबू आणि जुन्या फळ्या आणून आतल्या खोलीला माळा घातला. लसणाच्या जुड्या, बियाण्याचे डबे, सणासुदीची भांडी सगळी वर गेली आणि खाली पाय पसरायला जागा झाली. माळा घालण्यापूर्वी आईने एक नियम घालून दिला. "वर काय ठेवलं ते सांगायचं आणि विचारल्याशिवाय काही टाकून द्यायचं नाही." हा नियम मी घराच्या बाबतीत पाळला, संगणकाच्या बाबतीत विसरले. त्या विसरण्याची किंमत काय पडली आणि पुढे आमच्या संगणकाला माळा कसा घातला, ते या लेखात सांगणार आहे. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. तेव्हा यात तज्ज्ञपणाचा आव नाही. मला जे कळायला इतके दिवस लागले, ते वाचकांना एका बैठकीत कळावे एवढीच इच्छा.

आमचा संगणक माझ्या आतेभावाने दिलेला. तालुक्याच्या गावी तो संगणक दुरुस्तीचे काम करतो. एका कार्यालयाने मोडीत काढलेली यंत्रे त्याच्याकडे आली, त्यातले एक त्याने नीट करून आमच्या घरी आणून ठेवले. तेव्हा आजी होती. तिने यंत्राला हळदकुंकू लावले आणि विचारले, "यात काय काय मावतं रे?" दादा म्हणाला, "आजी, तू जन्मभर गायलीस ते सगळं मावेल." तो थट्टेने म्हणाला, पण मी ते मनावर घेतले. पुढच्या दोन वर्षांत सुट्टीच्या दिवशी आजीला जात्यापाशी बसवायचे आणि फोनवर तिच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या, असा माझा परिपाठच झाला. पीठ गिरणीतून येत असे, पण जाते फिरल्याशिवाय तिला ओवी सुचत नसे. म्हणून मूठभर दाणे टाकून ती रिकाम्यासारखेच जाते ओढी. अशी एकतीस मुद्रणे झाली. फोन जुना होता, त्यात जागा नव्हती, म्हणून ती संगणकावर उतरवली आणि फोनमधली पुसली. मागल्या माघात आजी गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख आली. कागदपत्रांच्या प्रती संगणकात घ्यायच्या होत्या आणि संगणक सांगू लागला की जागा शिल्लक नाही. मी घाईने साफसफाईला बसले. आत्याच्या घरच्या लग्नाचे चित्रण, भावाने उतरवलेले सिनेमे, कुणाकुणाचे फोटो असा पसारा होता. त्यात एक 'न्यू फोल्डर ३' दिसले. आतल्या फायलींची नावे म्हणजे नुसते आकडे. मला वाटले, लग्नाचेच तुकडे दुसऱ्यांदा आले असतील. शिफ्ट आणि डिलीट ही दोन बटणे एकदम दाबली. अशा तऱ्हेने पुसलेले केराच्या पेटीत, म्हणजे रिसायकल बिनमध्येही जात नाही. अर्ज भरला गेला. चार दिवसांनी मराठीच्या तासाला लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी प्रत्येकाने आपल्या घरातील ओव्या आणाव्यात असे सरांनी सांगितले. मी मोठ्या ऐटीत हात वर केला. घरी येऊन पाहते तो फोल्डर नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू.

संगणकात 'जागा' दोन प्रकारची असते आणि पुष्कळांची येथेच गल्लत होते. एक रॅम आणि दुसरी साठवणीची. रॅम म्हणजे स्वयंपाक करताना समोर मांडलेली परात. चालू कामाला लागेल तेवढेच तिच्यात असते आणि वीज गेली की ती रिकामी होते. साठवण म्हणजे धान्याची कणगी. वीज असो नसो, तिच्यात ठेवलेले तसेच राहते. 'संगणक हळू चालतो, मेमरी वाढवा' असे दुकानात सांगितले तर तो बहुधा रॅम वाढवून देईल आणि फायलींना जागा तेवढीच राहील. तेव्हा आपल्याला परात मोठी हवी आहे की कणगी, हे आधी ठरवावे.

आमच्या संगणकातील कणगी म्हणजे हार्ड डिस्क. हिच्या आत चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीवर चुंबकीय लेप असतो आणि त्यावरून एक बारीक टोक फिरते. ते तबकडीला टेकत नाही. हवेच्या अतिशय पातळ थरावर ते तरंगते आणि हे अंतर माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असते. म्हणूनच चालू संगणकाला धक्का देऊ नये, उचलून इकडे तिकडे करू नये.

ही युक्ती जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९५६ साली अशा डिस्कचा पहिला संगणक बाजारात आणला. त्याच्या साठवणीच्या यंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या वर होते आणि त्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज पाच-सहा इंच लांबीच्या डबीत त्याच्या लाखो पट मावते.

आता मापे पाहू. एक बाइट म्हणजे साधारण एका इंग्रजी अक्षराची जागा. आपल्या देवनागरीतील एका वर्णाला किंवा मात्रेला सामान्यतः तीन बाइट लागतात. हजार बाइटांचा एक केबी, हजार केबींचा एक एमबी, हजार एमबींचा एक जीबी आणि हजार जीबींचा एक टीबी. ('एक टीबी घ्यायचा आहे' असे मी घरात म्हटले तेव्हा आई पदर सावरत बाहेर आली आणि म्हणाली, "कुणाला झाला गं?") या मापांवरून घरातला हिशेब करून पाहावा. लाखभर शब्दांची मराठी कादंबरी नुसत्या अक्षरांत साठवली तर दोनेक एमबीत बसते. साध्या प्रतीचा आवाज मिनिटाला सुमारे एक एमबी घेतो. चलचित्र मात्र खादाड असते. लग्नाच्या त्या चित्रणानेच ४० जीबी अडवले होते आणि आजीची एकतीस मुद्रणे मिळून भरली होती फक्त पाव जीबी. म्हणजे जागा करण्यासाठी मी जे पुसले, त्याने जागा झालीच नव्हती. हा आकडा मी नंतर काढला आणि बराच वेळ कागदाकडे पाहत बसले.

दादाला फोन केला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "पुसल्यावर संगणक वापरलात का?" मी म्हटले, चार दिवस वापरला, भावाने दोन सिनेमेही उतरवले. तो म्हणाला, "आता लगेच बंद कर. काही उघडूही नको." त्याचे कारण त्याने असे समजावले. आपण फाइल पुसतो तेव्हा हार्ड डिस्कवरचा मजकूर त्या क्षणी जात नाही, फक्त यादीतले नाव खोडले जाते आणि 'ही जागा मोकळी' अशी नोंद होते. तलाठ्याच्या वहीतले नाव खोडले म्हणून शेतातले पीक त्याच क्षणी नाहीसे होत नाही, तसे. मात्र त्या मोकळ्या जागेत दुसऱ्याने नांगर घातला की पहिले पीक गेले. चार दिवसांत आमचा नांगर फिरला होता. कुठे कुठे फिरला, एवढेच पाहायचे होते.

दादाने आमची डिस्क काढून स्वतःच्या संगणकाला जोडली आणि पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम चालवला. सापडलेले सारे त्याने दुसऱ्या डिस्कवर उतरवले. त्याच डिस्कवर उतरवले असते, तर एक वाचवताना दुसरे मोडले असते. रात्री साडेअकराला मोजदाद झाली. बावीस मुद्रणे पूर्ण मिळाली. चार मध्येच तुटत होती. पाच मिळालीच नाहीत. दादा म्हणाला, "ही हार्ड डिस्क होती म्हणून एवढं तरी मिळालं." हल्लीच्या एसएसडी नावाच्या डिस्कमध्ये फिरती तबकडी नसते, त्यामुळे ती वेगवान असते. परंतु पुसलेली जागा ती लवकरच आतून खरोखर साफ करून टाकते. तिच्यावरून पुसलेले परत मिळण्याची आशा फारच थोडी.

त्या रात्रीच ठरले की आता साठवण वाढवायची. पुसून जागा करण्याचा धंदा बंद.

साठवण वाढवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग बाहेरून जोडायची डिस्क. यूएसबीच्या खाचेत वायर घातली की काम झाले, संगणक उघडावा लागत नाही. जुन्या यंत्रांत यूएसबी दोन पिढीची खाच असते, तिथे मोठ्या फायली सावकाश जातात. नव्या यंत्रांतल्या यूएसबी तीनच्या खाचेतून, जी पुष्कळदा आतून निळी असते, पुष्कळ वेगाने जातात. दुसरा मार्ग पेटीच्या आत दुसरी डिस्क बसवण्याचा. टेबलावरच्या संगणकात यासाठी मोकळा कप्पा बहुधा असतोच. तिसरा मार्ग जुनी डिस्क काढून तिच्या जागी मोठी डिस्क किंवा एसएसडी बसवण्याचा. याने वेगही वाढतो, पण विंडोजसकट सगळे नव्या डिस्कवर हलवावे लागते किंवा विंडोज नव्याने घालावे लागते. नवशिक्याने हे काम जाणत्याच्या सोबतीनेच करावे.

मी दुसरा मार्ग निवडला. दिवाळीच्या सुट्टीत कांदे निवडण्याच्या कामाला गेले होते, ते पैसे राखून ठेवले होते. त्यातून एक टीबीची नवी हार्ड डिस्क घेतली. आण्णा म्हणाले, "तुझे पैसे, तुझी अक्कल. पण बसवताना मला बोलव." आण्णांनी संगणकाचे बटण कधी दाबलेले नाही, पण मोटारी खोलण्यात त्यांचा हात धरणारा गावात नाही.

खरेदीपूर्वी पेटी उघडून तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. डिस्कसाठी कप्पा मोकळा आहे का, मदरबोर्डवर साटा नावाची खाच मोकळी आहे का आणि वीजपुरवठ्याच्या डब्यातून साटाची रिकामी वायर येते का. टेबलावरच्या संगणकाची हार्ड डिस्क साडेतीन इंची असते, लॅपटॉपची अडीच इंची. अडीच इंची डिस्क मोठ्या कप्प्यात बसवायची तर वेगळी पट्टी लागते. नव्या डिस्कबरोबर वायर येईलच असे नाही, म्हणून साटाची वायर वेगळी मागून घ्यावी. मी ती विसरले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीचे भाडे भरले.

आता कृती.

आधी महत्त्वाच्या फायलींची नक्कल दुसरीकडे काढून ठेवावी. नंतर संगणक रीतसर बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि चालू करण्याचे बटण एकदा दाबून धरावे, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावावा. आपल्या अंगावर, विशेषतः कोरड्या हवेत, स्थिर वीज साठते आणि तिचा एक चटका आतल्या चिपा जाळू शकतो. बाजूचे झाकण काढून डिस्क कप्प्यात सरकवावी आणि दोन्ही बाजूंनी स्क्रू लावावेत. मोकळी डिस्क थरथरते, म्हणून एका स्क्रूवर भागवू नये. स्क्रू आखूड हवेत. मी एक लांब स्क्रू पिळायला घेतला तेव्हा आण्णांनी माझा हात धरला. "आत काय आहे ते दिसत नाही ना? मग जोर लावायचा नाही." डिस्कच्या मागे दोन तोंडे असतात, लहान तोंड मदरबोर्डकडे जाणाऱ्या वायरीचे आणि रुंद तोंड विजेचे. दोन्हींत इंग्रजी 'एल'च्या आकाराची खाच असते, त्यामुळे वायर एकाच बाजूने बसते. बसत नसेल तर फिरवून पाहावी, दाबू नये.

झाकण लावून संगणक सुरू केला. 'माय कॉम्प्युटर'मध्ये नवी डिस्क दिसली नाही. माझ्या पोटात गोळा आला. वास्तविक यात घाबरण्यासारखे काही नसते. नवी डिस्क म्हणजे नांगरट न झालेले रान. तिची आखणी झाल्याशिवाय विंडोज तिला घरात घेत नाही. त्यासाठी 'धिस पीसी'वर उजवी कळ दाबून 'मॅनेज' आणि त्यात 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. तेथे संगणकाला जोडलेल्या सर्व डिस्क ओळीने दिसतात. नव्या डिस्कचे 'इनिशलाइझ' करायचे का, असे संगणक विचारतो आणि जीपीटी व एमबीआर असे दोन पर्याय देतो. दोन टीबीपर्यंत दोन्ही चालतात. त्याहून मोठ्या डिस्कची सगळी जागा एमबीआरला मोजता येत नाही, तेथे जीपीटीच हवे. मग मोकळ्या पट्ट्यावर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' निवडून एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करावे. फॅट ३२ नावाच्या जुन्या पद्धतीत चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

येथे एक धोक्याची सूचना. संगणक डिस्क शून्यापासून मोजतो. पहिली 'डिस्क ०', दुसरी 'डिस्क १', आणि हे क्रमांक नेहमी तसेच राहतील याची हमी नाही. फॉरमॅट करण्यापूर्वी क्रमांक न पाहता आकार पाहावा. आमची जुनी डिस्क ३२० जीबीची, नवी एक टीबीची. कुठली कुठली हे मी मोठ्याने वाचले, आण्णांनी कागदावर लिहून घेतले, मगच बटण दाबले. फॉरमॅट झाल्यावर डिस्कला नाव द्यायचे असते. मी मराठीत 'कणगी' लिहिले आणि विंडोजने ते निमूटपणे घेतले.

नाव दिल्यावर आकार पाहिला, तर ९३१ जीबी. आण्णा ताडकन म्हणाले, "दुकानदारानं मापात मारलं." तसे नसते. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीने मोजतात, विंडोज मात्र प्रत्येक पायरीला १०२४ ने भागते आणि नाव तेच ठेवते. बाइट तेवढेच, मापटे वेगळे. आमच्या जुन्या ३२० जीबीच्या डिस्कवरही विंडोज २९८ च दाखवते. आण्णांना शेर आणि किलोचे उदाहरण दिल्यावर पटले.

आणखी एक फसगत सांगते. पुष्कळांना वाटते, नवी डिस्क लावली की भरलेली सी ड्राइव्ह आपोआप मोठी होते. तसे होत नाही. शेजारच्या गावात शेत घेतल्याने आपल्या वाड्याचे अंगण वाढत नाही. सी ड्राइव्ह वाढवायची तर त्याच डिस्कवर, तिच्या लगेच उजवीकडे मोकळी जागा असावी लागते. मधे डी ड्राइव्ह असेल तर 'एक्स्टेंड'चा पर्याय फिका दिसतो, आणि तो मिळावा म्हणून डी पुसून टाकायचा मोह होतो. तो मोह टाळावा. सोपा उपाय असा की सी वरचे सामान हलवावे. डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, व्हिडिओज या फोल्डरांच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'लोकेशन' नावाचे पान असते. तेथून तो फोल्डर नव्या डिस्कवर नेता येतो आणि पुढे उतरवलेले सगळे आपोआप तिकडेच जाते. हाताने हलवताना मात्र 'कट' करू नये. 'कॉपी' करावी, नव्या जागी फाइल उघडून पाहावी, ऐकावी, मगच जुनी पुसावी.

एवढे झाल्यावर मला वाटले, काम संपले. दादाने विचारले, "ओव्या कुठे आहेत?" मी म्हटले, "नव्या डिस्कवर." तो म्हणाला, "म्हणजे पुन्हा एकाच कणगीत." त्याचे म्हणणे खरे होते. जागा वाढणे वेगळे आणि ठेव सुरक्षित होणे वेगळे. नवी डिस्कही एक दिवस बंद पडणार. दोन्ही डिस्क एकाच पेटीत असतील, तर विजेचा एक लोळ दोन्ही नेईल. म्हणून जाणते लोक सांगतात की ज्याची किंमत आहे त्याच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी घराबाहेर असावी. आमची एक प्रत आता कणगीत आहे, एक पेन ड्राइव्हवर आईच्या पत्र्याच्या पेटीत आहे आणि एक दादाच्या घरी. पाव जीबीला तिसरी जागा मिळायला काय कठीण आहे? इंटरनेटवर मोफत मिळणाऱ्या जागेतही ती सहज बसते. फायलींची नावेही मी बदलली. नुसत्या आकड्यांऐवजी तारीख, गाणारणीचे नाव आणि विषय. ती नावे आधी असती, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

जात्यावरच्या ओव्यांचे मोल आमच्या घरापुरते नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हे सरांनी सांगितले तेव्हा मला आमच्या पाच मुद्रणांची पुन्हा आठवण झाली. प्रकल्पाच्या वहीत ती पाच पाने मी कोरी ठेवली होती.

एका दुपारी आईने वही मागितली. तिला वाचायला जड जाते, म्हणून मी कोऱ्या पानांवरच्या तारखा वाचून दाखवल्या. एक तारीख संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची होती. आई म्हणाली, "त्या दिवशी त्या भावाचं गात होत्या. मी भाकरी थापत होते ना." आणि तिने जात्यावरचे पोते बाजूला केले. मी फोन सुरू केला. पाचपैकी दोन दिवसांच्या ओव्या तिला बऱ्याचशा आठवल्या. उरलेल्या तीन दिवशी ती शेतात कामाला होती, त्या कुणीच ऐकलेल्या नाहीत. आईचा गळा आजीसारखा नाही. आजीच्या मुद्रणात मधूनच तिचा खोकला येतो, शेळी ओरडते, "झालं का गं पोरी?" असे ती विचारते. ते आईच्या मुद्रणात नाही. ती वेगळीच मुद्रणे आहेत आणि मी ती आईच्या नावानेच ठेवली आहेत.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी संगणक किंवा फोन असेल आणि त्यात जागा नसेल. डिस्क घ्या किंवा घेऊ नका, तो पैशाचा प्रश्न आहे. परंतु आज घरी गेल्यावर एक काम बिनखर्चाचे करा. ज्या फायलींत घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज आहे, त्यांना नाव द्या आणि एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवून या. कणगी अजून निम्म्याहून अधिक रिकामी आहे. येत्या सुट्टीत आमच्या आळीतल्या आणखी दोन आज्यांनी जात्यावर बसायचे कबूल केले आहे.